एक टक्का

दहा ग्रॅम लसूण, लिटरभर पाणी.
कागदावर याला एक टक्का म्हणतात.
सोलायचा मात्र किलोंनी,
कारण वाफे सत्तावीस आणि सोलणारी मी एकटी,
लष्करातून दोन टेम्पो बदलून येणारी.

साबण, बेसन, लिंबाची साल,
स्टीलच्या चमच्यावर बोटं घासणं, सगळं करून झालं.
टेम्पोत शेजारची पदर नाकाला लावते
तेव्हा मी हात मांडीखाली दाबून
किल्ल्याकडे बघत बसते.
घरात शिरले की हे म्हणतात, "वा, फोडणी झाली वाटतं."
कुकर अजून लावायचा असतो.

बुरशी काचेच्या बशीत वाढताना देखणी दिसते,
हे कुणाला सांगायची सोय नाही.
आधी कापसाचा तंतू, मग राखाडी मखमल,
मग मधोमध मुगाच्या सालासारखा
हिरवट काळा रंग.
सातव्या दिवशी पट्टी लावते.
नुसती बशी, सदुसष्ट मिलिमीटर.
कडुनिंबाची एक्केचाळीस. धोत्र्याची छत्तीस.
लसणाची नऊ.
त्यातले पाच तर मीच ठेवलेल्या तुकड्याचे,
म्हणजे बिचारी आठवडाभरात
दोन्हीकडे दोन-दोन सरकली.
मला तिची कीव आली, हे वहीत नाही.

पण बशीत धुकं पडत नाही.
जानेवारीत बिलौआच्या वाटेवर दहा वाजले तरी
म्हैस दिसायच्या आधी तिची घंटा येते.
मोहरीच्या पानांवर डाग उठतात, एकात एक गोल,
पाण्यात खडा पडावा
आणि लाटा तिथंच वाळाव्यात तसे.
(घरी मोहरी म्हणते, बाहेर सरसों.
रोगाला दोन्हीकडे रोगच.)

शेत रामश्री कुशवाहचं, प्रयोग आमचा.
बांधावर बसून सोललं,
तिच्याच सिलबट्ट्यावर वाटलं,
जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं.
ती पंपात डोकावून म्हणाली,
"इत्ते लहसन की तो हम चटनी पीस लें, जिज्जी."
मग पडलेली सालं वेचून ओच्यात भरली.
मी विचारलं नाही.
लसूण चारशेला टेकला होता त्या वर्षी,
सालंही फेकवत नसतील.

तीन आठवड्यांनी मोजणीला गेले.
प्रत्येक वाफ्यातली पंचवीस पानं.
दुकानातल्या औषधाला आम्ही गाठलं नव्हतं,
नुसत्या पाण्यापेक्षा मात्र डाग निम्म्यावर. ठीक.
आणि कोपऱ्यात, विहिरीच्या अंगाला,
वहीत नसलेला एक तुकडा,
खाटेएवढा,
हिरवा.

"छिलका भिजोए हते."
किती?
"मुट्ठी भर."
किती पाण्यात?
"बाल्टी में."
किती दिवस? यावर तिनं चेहरा असा केला
जसं दिवस मोजायचं काम
तिनं दुसऱ्या कुणाला लावून दिलंय.

भुसकुटे मॅडम म्हणाल्या, पुनरावृत्ती नाही,
तुलनेला शेजारचा वाफा नाही,
विहिरीकडे वाराही वेगळा असेल. लिहू नका.
खरंच आहे. लिहिलं नाही.
पंचवीस पानं मोजली होती तेवढी,
आकडा पेनानं डाव्या तळहातावर.
टेम्पोत त्या दिवशी एकच हात
मांडीखाली होता.

पुढच्या सोमवारी केराच्या बादलीशी
सालांची पिशवी घेऊन उभी राहिले, आणि परत फिरले.
मूठभर म्हणजे किती?
माझी मूठ काट्यावर ठेवली.
रामश्रीचा हात खुरप्याचा, तिच्या मुठीत जास्त मावेल,
की ती घट्ट दाबते म्हणून कमी दिसेल?
दार उघडं होतं. सालांना वजन असं नसतंच.
वाऱ्याची झुळूक आली की आकडा हलायचा,
सहा, पाच, सहा,
आणि मी हातात पेन धरून
तो थांबायची वाट बघत होते.